कुटिन्हो आणि पुरणयंत्र

१५ ऑगस्ट २०२०. झेंडावंदनाला अजून सात-आठ तास अवकाश होता. पण आमच्या हॉलमध्ये बार्सिलोनाचं निशाण रात्री साडेबारापासूनच खाली यायला लागलं होतं. लॉकडाऊनमुळे मार्चपासून आमच्याकडे अडकलेला माझा भाचा टीव्हीसमोर बसला होता. अंगात मेस्सीचा दहा नंबरचा शर्ट, मांडीवर उशी आणि चेहऱ्यावर सुतकी कळा. चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. लिस्बनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये बायर्न म्युनिक बार्सिलोनाला धूत होतं. नुसतं धूत नव्हतं. धुऊन, पिळून, झटकून दोरीवर वाळत घालत होतं.

७५व्या मिनिटाला, हिशेब ५-२ वर आलेला असताना, बायर्ननं एक ताजा गडी मैदानात उतरवला. भाचा ताडकन उठला.

"हा? अरे, हा तर आमचा आहे!"

पाणी प्यायला उठलेली माझी आई दारातच थांबली. "तुमचा आहे, तर त्यांच्यात काय करतोय?"

"लोनवर आहे, आजी."

"कर्ज काढून घेतलाय?"

"तसं नाही गं. आम्हीच त्यांना वर्षभरासाठी दिलाय."

"उसना म्हण की मग."

पुढच्या पंधरा मिनिटांत त्या उसन्या फिलिपे कुटिन्होनं लेवांडोवस्कीला एक गोल करून दिला आणि स्वतः दोन मारले. मारून झाल्यावर फारसा जल्लोषही केला नाही. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकल्यावर माणूस जसा इकडेतिकडे बघतो, तसा बघितला आणि मागे वळला. ८-२. आई तोवर खुर्चीत बसली होती. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही, पण देण्याघेण्यातलं सगळं कळतं.

"आपलाच तवा मागून नेला आणि आपल्याच डोक्यात घातला की रे त्यांनी," ती म्हणाली. मग उठता उठता थांबली. "पण पोरगा गुणी दिसतोय. आता ते त्याला ठेवूनच घेतील, नाही?"

"नाही. परत पाठवणारेत. नको म्हणालेत."

"एवढं करून?"

भाच्याकडे उत्तर नव्हतं. त्याला आधीच आठ ठिकाणी लागलेलं होतं. आई दिवा मालवून गेली. माझ्या डोक्यात मात्र तिचा प्रश्न राहिला तो राहिलाच. उसना खेळाडू चांगला खेळला, तर त्याला कायमचा घ्यावा की नाही? युरोपातले मोठमोठे क्लब दर उन्हाळ्यात या एका प्रश्नावर कोट्यवधी युरो घालवतात. त्याचं उत्तर माझ्या मते आमच्या स्वयंपाकघरात माळ्यावर होतं.

तिथे समोरच्या काकूंचं पुरणयंत्र होतं.

हे यंत्र वर्षातून दोनदा आमच्याकडे लोनवर यायचं. होळीला एकदा, गौरींना एकदा. जाड अल्युमिनियमचं, तीन पायांचं, दांड्याची मूठ झिजून गुळगुळीत झालेलं. आमचं स्वतःचं यंत्र कधी नव्हतंच. कित्येक वर्षं समोरचंच. ते यायचं तेही एकटं नाही. "मी येते हो बरोबर, त्याला जरा धरावं लागतं," म्हणत काकू मागोमाग यायच्या, पदर खोचून ओट्याशी उभ्या राहायच्या, आणि तासाभरात दोन किलो डाळीचं लोण्यासारखं पुरण पडायचं. "काय यंत्र आहे!" असं आमच्याकडे प्रत्येक होळीला कोणीतरी म्हणायचंच. काकूंना मात्र आम्ही चहा द्यायचो.

२०२०च्या होळीला यंत्र आलं, पुरण झालं, आणि ते घासून परत देण्याआधीच काकू मुलाकडे बंगळुरूला गेल्या. मागून लॉकडाऊन लागला. काकू तिकडे, यंत्र इकडे. त्या वर्षी बायर्नचंही हेच झालं. जूनअखेर संपायचा हंगाम कोविडमुळे ऑगस्टपर्यंत लांबला आणि उसने खेळाडू दोन महिने जास्त राहिले. फरक एवढाच की आई ते यंत्र वापरत नव्हती. मालकाच्या पाठीमागे उसनी वस्तू वापरायची नाही, हा तिचा नियम. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा नियम बरोबर उलटा आहे: मालक समोर असेल, त्याच दिवशी उसना खेळाडू वापरायचा नाही. त्या सामन्यापुरतं त्यानं प्रेक्षकांत बसायचं आणि कोणाच्या गोलला टाळी वाजवावी या विवंचनेत नव्वद मिनिटं काढायची.

चॅम्पियन्स लीगमध्ये अशी बंदी नाही, म्हणून तिथे तवे वरचेवर डोक्यात बसतात. २००३-०४च्या मोसमात रेआल माद्रिदनं फर्नांदो मोरिएन्तेसला मोनाकोकडे उसना दिला होता. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली ती नेमकी रेआलशीच. मोरिएन्तेसनं दोन्ही सामन्यांत मालकावर गोल केले आणि मालकाला घरी पाठवून मोनाको पुढे गेलं, थेट अंतिम सामन्यापर्यंत. दहा वर्षांनी चेल्सीनं हा धडा लक्षात ठेवला. तीन वर्षं अ‍ॅटलेटिको माद्रिदकडे उसना असलेला गोलरक्षक थिबो कोर्त्वा आपल्याविरुद्ध खेळणार असेल, तर जादा पैसे मोजा, असं कलमच करारात होतं. युरोपीय संघटनेनं सांगितलं की असलं कलम चालणार नाही. कोर्त्वा खेळला आणि अ‍ॅटलेटिको चेल्सीच्या अंगणात ३-१ जिंकून अंतिम फेरीत गेलं. शिडी द्यावी, पण आपल्याच गच्चीवर चढायला लागेल एवढी उंच देऊ नये.

आता थोडं व्यवहाराचं. उसन्या खेळाडूच्या करारात शेवटी एक ओळ असते, आणि सगळा संसार त्या ओळीवर असतो. एक प्रकार, "आवडला तर घ्या". किंमत आधीच ठरलेली, तारीख ठरलेली. तोवर हो म्हणायचं, नाहीतर दिवाभीतासारखं गप्प बसून तारीख जाऊ द्यायची. दुसरा प्रकार, "घ्यावाच लागेल". हे उसनं नव्हे. हे हप्त्यावर घेणं. "कर्ज काढून घेतलाय?" हा आईचा पहिला तर्क इथे शंभर टक्के बरोबर ठरतो.

इटलीत या हक्काला "रिस्कात्तो" म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ गहाण पडलेलं सोडवणं. ओलीस धरलेल्या माणसाची खंडणी भरून सुटका करणं, हाही अर्थ त्यातच येतो. काही क्लबांच्या खजिनदारांना हा दुसरा अर्थ जास्त पटत असावा. शिवाय याच इटलीत २०१४पर्यंत एक अजब प्रथा होती: खेळाडू निम्मानिम्मा. एका क्लबचा अर्धा, दुसऱ्याचा अर्धा, सामायिक विहिरीसारखा. हंगाम संपला की दोघांनी बसून ठरवायचं आणि जमलं नाही, तर दोघांनी आपापला आकडा बंद पाकिटात घालून द्यायचा. मोठ्या आकड्यावाल्याचा खेळाडू. आमच्याकडे वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीत हीच पद्धत आणली, तर निम्मी दिवाणी न्यायालयं मोकळी होतील. मात्र पाकीट कोणी फोडायचं, यावरून उरलेली निम्मी भरतील.

सक्तीच्या कलमाला अटी घालायची चालही आहे. २०१७मध्ये पॅरिसच्या क्लबनं नेमारवर २२.२ कोटी युरो उधळले आणि त्याच उन्हाळ्यात किलियन एम्बापेलाही आणायचं ठरवलं. एका वर्षात दोन्ही खर्च दाखवले, तर हिशेबनिसांच्या भुवया वर गेल्या असत्या. म्हणून एम्बापे आधी "उसना" आला, पुढच्या वर्षी १८ कोटी द्यायचे. अट काय, तर पॅरिसचा संघ फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतून खाली घसरला नाही तर, अशा बातम्या पुढे आल्या. त्या काळात पॅरिसचा संघ खाली घसरण्यापेक्षा आयफेल टॉवर घसरण्याची शक्यता जास्त होती. "सूर्य उगवला, तर उद्या पैसे देतो" असं वाण्याला सांगून किराणा भरण्याचा हा प्रकार.

पण अटींचा खरा कळस केला तो अ‍ॅटलेटिको माद्रिदनं. अंतोआन ग्रीझमानला त्यांनी २०१९ मध्ये १२ कोटी युरोंना बार्सिलोनाला विकलं. तिथे तो रमला नाही. २०२१ मध्ये तोच त्यांच्याकडे उसना परत आला. विकलेली स्कूटर दोन वर्षांनी फिरायला मागून आणावी, तसा. करारातली गोम अशी: उपलब्ध असलेल्या निम्म्या सामन्यांत तो पंचेचाळीस मिनिटांहून जास्त खेळला, तर ४ कोटी युरो देऊन कायमचा घ्यावा लागेल. दुसऱ्या हंगामात प्रशिक्षक दिएगो सिमेओनेनं काय करावं? त्याला दर सामन्यात साठ मिनिटं होऊन गेल्यावर मैदानात पाठवायला सुरुवात केली. साठ आणि नव्वदमध्ये तीस. तीस म्हणजे पंचेचाळीसपेक्षा कमी. सामना हिशेबात धरायचा नाही.

ही बातमी वाचून भाचा हसत सुटला. मला हसू आलं नाही. आमच्या एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात नवं काय? दोनशे चाळीस दिवस भरत आले की टेम्पररी कामगाराला ब्रेक देणारे कितीतरी सिमेओने आम्ही पाहिलेत. त्यांना कोणी जागतिक दर्जाचे डावपेचकार म्हटलं नाही, इतकंच. ग्रीझमानचंही कौतुक असं की त्या तीस मिनिटांत तो पंचेचाळिसांचं काम उरकायचा. व्हॅलेन्सियात उशिरा येऊन जिंकून देणारा गोल केला. पोर्तोविरुद्ध तर जादा वेळाच्याही अकराव्या मिनिटाला. शेवटी बार्सिलोनाचा धीर सुटला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये निम्म्याच्या आसपास पैशांत सौदा पक्का झाला. त्या दिवसापासून ग्रीझमान पूर्ण नव्वद मिनिटं धडधाकट झाला. जानेवारी २०२४ मध्ये तो अ‍ॅटलेटिकोचा सर्वकाळचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडूही ठरला.

हे सगळं नीट ध्यानात ठेवा. तोच माणूस, तेच दोन पाय. बार्सिलोनात १२ कोटींचा ओझ्याचा बैल, आणि सिमेओनेच्या हाताखाली इतिहास. काकूंची आठवण होतेय ना? थांबा, काकू येतायत.

आधी कुटिन्होची पत्रिका पाहू. हा मुलगा रिओच्या वास्को द गामा क्लबचा. सोळाव्या वर्षी, २००८ मध्ये, मिलानच्या इंटरनं त्याला विकत घेतलं आणि वयात येईपर्यंत वास्कोकडेच ठेवलं. म्हणजे आयुष्यातला पहिला लोन स्वतःच्याच घरी! लग्न ठरलेल्या मुलीला दोन वर्षं माहेरीच ठेवतात, तसं. मग इंटरमध्ये गेला, रुळला नाही. २०१२ मध्ये अर्ध्या हंगामापुरता बार्सिलोनातल्या एस्पान्योल क्लबकडे उसना गेला. सोळा सामने, पाच गोल. प्रशिक्षक मौरिसियो पोचेत्तीनो. मुलगा तिथे फुलला. बार्सिलोना क्लब त्याच गावात, दोन मेट्रो बदलून जाता येईल एवढ्या अंतरावर. पण शेजारी उसनं आलेलं कोण डोकावून बघतं! २०१३ च्या जानेवारीत लिव्हरपूलनं त्याला ८५ लाख पौंडांना उचललं. पाच वर्षांनी बार्सिलोनाला जाग आली आणि त्यांनी मोजले १२ कोटी युरो, वर जर-तरचे आणखी.

दीड वर्षात हौस फिटली. बार्सिलोनानं त्याला बायर्नला वर्षभरासाठी दिलं. भाडं ८५ लाख युरो. म्हणजे लिव्हरपूलनं ज्या आकड्यात अख्खं घर घेतलं होतं, त्याच आकड्यात आता अकरा महिन्यांचा करार. आणि आवडला तर? १२ कोटी युरो. जेवढ्याला घेतला तेवढ्यालाच! दीड वर्ष वापरलेली गाडी शोरूमच्या भावानं विकणारा मालक एकतर भाबडा असतो किंवा गिऱ्हाइकाला भाबडा समजत असतो.

बायर्न भाबडं नव्हतं. कुटिन्होला आणलं तेव्हा प्रशिक्षक होते निको कोवाच, आणि त्यांनी त्याच्यासाठी थॉमस म्युलरला बाकावर बसवलं. म्युलर म्हणजे बायर्नच्या घरचं माणूस. त्याला बाकावर बसवणं म्हणजे गणपतीत आजोबांना आरती न देण्यासारखं. नोव्हेंबरात कोवाच गेले, हान्सी फ्लिक आले, आजोबांना आरती मिळाली. कुटिन्होनं हंगामभरात अडतीस सामन्यांत अकरा गोल केले. वाईट नाहीत, पण १२ कोटींना अकरा गोल हा भाव पुण्यात तुळशीबागेतसुद्धा कोणी मान्य करणार नाही. ठरलेली तारीख आली, बायर्ननं तिच्याकडे काणाडोळा केला, तारीख गेली. म्हणजे लिस्बनची ती रात्र उजाडली तेव्हा निर्णय केव्हाच होऊन बसला होता. कुटिन्होचे ते दोन गोल हे नोकरीचा राजीनामा मंजूर झाल्यावर केलेलं उत्तम काम होतं. त्या रात्री बायर्नचा आणखी एक गोल इव्हान पेरिशिचनं केला. तोही इंटरकडून उसनाच आणलेला. त्यालाही परत पाठवलं. पुढच्याच वर्षी तो इंटरमधून इटलीचा विजेता झाला. बायर्न तोवर युरोपचं विजेतं झालेलं होतं. दोन्ही घरी गोड जेवण. कोणाचंच वाईट झालं नाही.

आईच्या "एवढं करून?" या प्रश्नाला आता उत्तर देता येतं. उसना खेळाडू जे करून दाखवतो, त्यात थोडं कर्तृत्व असतं आणि बरंच पाहुणेपण असतं. पाहुणा सकाळी लवकर उठतो. अंथरुणाची घडी घालतो. आमटी अळणी असली तरी "वा!" म्हणतो. त्याला बघून घरातली आई पोरांना म्हणते, "बघा जरा, शिका काहीतरी." तोच पाहुणा भाड्यानं खोली घेऊन वर्षभर राहिला, की गिझर बंद करायला विसरतो आणि आमटीवरून वाद घालतो. खेळाडू उसना असतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर कोट्यवधींच्या किमतीची पाटी नसते. पगाराचा वाटा कित्येकदा जुना मालक उचलत असतो. समोरचे बचावपटू त्याला अजून वाचायला शिकलेले नसतात. आणि त्याला स्वतःला जुन्या मालकाला काहीतरी दाखवून द्यायचं असतं. कायमची सही झाली की या चारही गोष्टी त्याच संध्याकाळी संपतात. नव्याचे नऊ दिवस बघून आपण पुढच्या चार वर्षांचे पैसे मोजतो.

मग गोल मोजून ठरवावं? त्यानंही फसगत होते. जेसी लिंगार्ड २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून वेस्ट हॅमला उसना गेला. सोळा सामने, नऊ गोल. लंडनच्या पूर्व भागात त्याच्या नावाचं देऊळ बांधायचंच काय ते राहिलं होतं. सौदा जमला नाही, तो परत गेला, पुढच्या मोसमात लीगमध्ये फक्त दोनदा सुरुवातीपासून खेळला. त्यानंतर मोकळा होऊन नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. तिथे लीगमध्ये सतरा सामने, गोल शून्य. त्याच २०२१ च्या जानेवारीत रेआल माद्रिदचा मार्टिन ओडेगार्ड आर्सेनलला उसना आला होता. वीस सामने, दोन गोल. आर्सेनल आठवं आलं. आकडे बघून कोणीही म्हणालं असतं, पोराला नारळ द्या. आर्सेनलनं ऑगस्टमध्ये त्याला कायमचा घेतला आणि पुढच्या वर्षी कर्णधारच केला.

नऊ गोलवाला हुकला, दोन गोलवाला फळला. यात गंमत काय? आर्सेनलचा प्रशिक्षक मिकेल आर्तेता यानं ओडेगार्डला मागून घेतला होता, आणि खरेदीच्या कागदावर सह्या झाल्या तेव्हाही, त्यानंतरही, आर्तेता तिथेच होता. यंत्र आलं, आणि काकूही घरातच राहिल्या.

आता काकूंकडे.

मे २०२२ मध्ये काकूंनी कायमचं बंगळुरूला जायचं ठरवलं. फ्लॅट विकला. जाताना आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पुरणयंत्र ठेवूनच घ्या तुम्ही. तिकडे सून पुरण विकतच आणते." आई म्हणाली, "फुकट नको हो. फुकटचं लाभत नाही." काकूंनी सांगितलं, नवं आठशेला आहे, तुम्ही चारशे द्या. निम्म्या भावात! आईनं लगेच पदराच्या गाठीतून काढून दिले.

त्याच मे महिन्यात इंग्लंडमध्ये अ‍ॅस्टन व्हिला नावाच्या क्लबनंही एक निम्म्या भावाचा सौदा केला. त्यांच्याकडे जानेवारीपासून कुटिन्हो उसना आला होता. प्रशिक्षक स्टीव्हन जेरार्ड, लिव्हरपूलमधला त्याचा जुना सहकारी, ज्याला या मुलाला कुठे धरायचं आणि कुठे दाबायचं हे पक्कं ठाऊक. पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेड २-० नं पुढे असताना कुटिन्हो बदली म्हणून आला, एक गोल करवला, एक केला, २-२. नव्याचा पहिला दिवस असा! अर्ध्या मोसमात पाच गोल. करारात किंमत ४ कोटी युरोंच्या घरात होती म्हणतात. बार्सिलोनानं २ कोटींवर आणली. एवढ्या सवलतीत कोणीही हुरळतं. व्हिलानं २०२६ पर्यंतचा करार केला.

ऑक्टोबरात जेरार्डना काढून टाकलं.

नंतरच्या अख्ख्या मोसमात कुटिन्होनं लीगमध्ये एक गोल केला. उसना असताना पाच, विकत घेतल्यावर एक.

आणि २०२३ ची होळी आली. आमच्या मालकीच्या पुरणयंत्राची पहिली होळी. आईनं ओट्यावर यंत्र मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, शिजलेली डाळ घातली आणि दांडा फिरवला. दांडा फिरला, यंत्रही फिरलं. ओट्यावरून घसरत घसरत ते गॅसपाशी गेलं. मी पाय धरले, तर दांडा अडला. बायकोनं दांडा सोडवला, तर जाळी निसटली आणि अर्धी डाळ खाली न पडता वरून बाहेर आली. भाचा होळीला म्हणून आला होता. तो हे सगळं मोबाइलवर टिपत होता. "मामा, फॉर्म गेलाय याचा," तो म्हणाला.

"काकू असताना असं कधी झालं नाही," आई घाम पुसत म्हणाली.

मग बंगळुरूला व्हिडिओ कॉल लागला. काकू चष्मा सावरत हसल्या. "अहो, त्याचा एक पाय आखूड आहे. तिथे मी अंगठ्यानं दाबून धरायचे. आणि दर चार फेऱ्यांनी एक फेरी उलटी द्यायची, नाहीतर अडतंच ते. तीस वर्षं हेच करतेय."

स्वयंपाकघरात क्षणभर शांतता पसरली. तीस वर्षं आम्ही "काय यंत्र आहे!" म्हणत होतो.

एखाद्या क्लबच्या मालकानं मला विचारलं, की उसना खेळाडू कायमचा घ्यावा का, तर आता माझं उत्तर तयार आहे. (कोणी विचारलेलं नाही, पण तयारी असावी.) त्याचे गोल बघू नका, त्याचे यूट्यूबवरचे तुकडे तर मुळीच बघू नका. कोणाच्या अंगठ्याखाली तो नीट चालतो, ते आधी बघा. आणि तो अंगठा पुढची चार वर्षं आपल्याच ओट्याशी असणार का, हे विचारा. विकणारा आपण होऊन भाव निम्म्यावर आणत असेल, तर एकदा पाय मोजून घ्या. आणि जानेवारीतला पाहुणा घ्यायचा असेल, तर त्याला एप्रिलात बघा. उन्हं तापल्यावर, सामना हरलेला असताना, नाव बाकावरच्या यादीत असताना तो अंथरुणाची घडी घालतो का? घालत असेल, तर दोन गोलवालाही घ्या.

बाकी जगाच्या मानानं आईचे नियम फार पुढचे. उसनं घेतलेलं तिसऱ्याला उसनं द्यायचं नाही, हे ती आम्हाला लहानपणापासून बजावत आली. फिफानं तो नियम २०२२ मध्ये केला. एका घरानं किती वस्तू उसन्या वाटाव्यात यालाही मर्यादा हवी, हेही तिचंच. चेल्सीनं एके काळी चाळीसच्या आसपास खेळाडू गावोगाव उसने पेरले होते. आता सहाच्या वर नाही, तरुण आणि घरचे पोसलेले सोडून. चाळीस भांडी बाहेर असलेल्या घरात खिचडी कशात शिजत होती, हा आईचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो.

गेल्या गौरींच्या आधी तिनं एकदम विचारलं, "त्या पोराचं काय झालं रे? ज्यानं स्वतःच्याच घरावर गोल मारले?"

भाच्यानं सगळं सांगितलं. व्हिलानं त्याला कतारमध्ये उसनं पाठवलं. २०२४ मध्ये तो रिओला गेला, त्याच वास्को द गामाकडे, जिथून निघाला होता.

"माहेरी गेला म्हण. बरं झालं. माहेरानं तरी ठेवून घेतला ना?"

"आधी लोनवरच घेतला, आजी. कायमचा नंतर."

आईनं यावर बराच वेळ विचार केला. तेवढ्यात बेल वाजली. काकूंच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. त्यातली मुलगी दारात उभी होती. "आजी, तुमच्याकडे पुरणयंत्र आहे असं कळलं. गौरींपुरतं मिळेल का?"

आईनं माळ्यावरून यंत्र काढायला लावलं, पुसलं, तिच्या हातात दिलं आणि पदर खोचून तिच्या मागोमाग निघाली. "मी येते हो बरोबर. त्याला जरा धरावं लागतं."

तासाभरानं परत आली ती हसतच. पुरण लोण्यासारखं झालं होतं. मुलगी इतकी खूश, की म्हणाली, असलं यंत्र आता मिळत नाही. विकत द्याल का, म्हणाल ती किंमत देते.

"मग? काय सांगितलंस?" भाचा सरसावून बसला. "किंमत किती लावलीस?"

"किंमत कसली?" आई पाय पसरत म्हणाली. "म्हटलं, यंत्र आजच्या आज ने. पण मला कुठे ठेवशील ते आधी सांग."